राजाचं काम

"हा शेवट मी करणार न्हाय," भागोजी म्हणाला आणि हातातली लाकडी तलवार त्यानं सभामंडपाच्या लादीवर ठेवून दिली.

तालीम थांबली. चैत्रातल्या जत्रेला अजून अवकाश होता, पण गावच्या नाटकाची तालीम माघातच सुरू व्हायची आणि राजाचं काम भागोजीकडेच असायचं. नाटक कोणतंही असो, त्यात राजा असला की तो भागोजी. उंचापुरा, खर्जातला आवाज. व्यवसायानं गवंडी. हरिहरेश्वरापासून श्रीवर्धनपर्यंत चिऱ्याची कितीतरी घरं त्याच्या हातची होती. शिवाय तो गावकीचा अध्यक्ष. देवळापुढच्या सहाणेवर, पालखी टेकवायच्या चौथऱ्यावर, तो बसला की बाकीचे खाली बसत.

यंदाचं नाटक त्याच्या चुलत पुतण्यानं, स्वराजनं लिहिलं होतं. स्वराज मुंबईत नोकरीला. तिकडे नाटकाच्या स्पर्धांत नाव काढलेला, दर शनिवारी तालमीसाठी गावी येणारा. नाटकातला राजा खाडीच्या तोंडावरच्या किल्ल्याचा होता. किल्ल्याला वेढा पडतो. दिवस मावळल्यावर जे गलबत खाडीत शिरेल ते बुडवायचं, मग ते कोणाचंही असो, असा राजा हुकूम काढतो. एके सांजेला वादळात सापडलेलं एक गलबत आत शिरतं. राजा ते ओळखतो. त्याचा धाकटा भाऊ किल्ल्यासाठी धान्य घेऊन आलेला असतो. तरी राजा हुकूम फिरवत नाही. भाऊ बुडतो, धान्य बुडतं, किल्ला उपाशी पडतो. शेवटी बुरुजावर एकटा उरलेला राजा म्हणतो, मी चुकलो.

हे दोन शब्द भागोजीच्या घशाखाली उतरत नव्हते.

"तो चुकला कुठं?" त्यानं विचारलं. "भावासाठी हुकूम मोडला असता तर तो राजा कसला?"

स्वराजनं त्याला समजावून पाहिलं. दुष्ट माणूस पडला तर लोक खूश होतात, पण चांगला माणूस आपल्याच चांगुलपणाच्या हट्टानं पडला तर बघणाऱ्याच्या पोटात कालवतं, त्यालाच शोकांतिका म्हणतात, असं तो म्हणाला. त्याचा राजा वाईट नव्हता. त्याला वाकता येत नव्हतं एवढंच. आणि उशिरा का होईना, त्याला ते कळतं. तो कळण्याचा क्षण काढून टाकला तर नाटकात उरतं काय?

"लोकांच्या पोटात कालवायला मी उभा राहत न्हाय," भागोजी म्हणाला. "बदल तो शेवट."

वाद तिथेच राहिला, कारण तेवढ्यात सदा आत आला. सदा गावकीचा सचिव. भागोजीच्या शेजारी बसून त्याच्या प्रत्येक शब्दाला मान डोलावण्यात त्याची बरीच वर्षं गेली होती. तो खांबाला टेकून उभा राहिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं भागोजीला म्हणाला, "तात्या, प्रणाली चंदरच्या घरात शिरली. तास झाला. अजून भायेर आली न्हाय."

प्रणाली भागोजीची एकुलती एक मुलगी. गावच्या आरोग्य उपकेंद्रात नर्स होती.

आणि चंदरचं घर वाळीत होतं.

गावाचा झरा चंदरच्या वरकस जमिनीत होता. किनाऱ्यावर पर्यटक वाढले तसे मुंबईचे लोक डोंगरउतार विकत घेत फिरू लागले, तेव्हा भागोजीनं सगळ्या गावाला देवळात उभं करून शपथ घ्यायला लावली होती, की झऱ्याभोवतालची जमीन कोणी बाहेरच्याला द्यायची नाही. चंदरनंही देवाच्या पायरीवर हात ठेवला होता. आणि पुढच्याच पावसाळ्यानंतर त्यानं जमीन एका रिसॉर्टवाल्याला दिली. तारेचं कुंपण आलं, गावाला झऱ्याचं पाणी बंद झालं आणि गावातल्या बायका पुन्हा डोक्यावर हंडे घेऊन नदीवर जाऊ लागल्या. चंदरला वाळीत टाकायचं, हे भागोजीनंच सुचवलं. त्या घराशी कोणी बोलायचं नाही, त्यांच्या लग्नामर्तिकाला जायचं नाही. जो बोलेल तोही वाळीत. आणि त्याच्याशी जो बोलेल तोही. ही शेवटची अट भागोजीची स्वतःची. फट ठेवली की भिंत पडते, असं तो तेव्हा म्हणाला होता. कायद्यानं अशा गोष्टीला बंदी आहे हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून कोणी काही लिहून ठेवलं नाही. लिहायची गरजही नव्हती.

त्या दुपारी घडलं ते असं. चंदरची सून अमिषा गरोदर होती, दिवस भरत आले होते. अचानक तिला रक्तस्राव सुरू झाला. तिचा नवरा सुजित कामावर गेलेला, चंदर बाजाराला. सासूनं दारात उभं राहून हाका मारल्या. शेजारच्या तीन घरांच्या खिडक्या बंद झाल्या. शेवटी म्हातारी अनवाणी उपकेंद्राकडे धावली. प्रणालीनं एकशे आठला फोन लावला, गाडी येईपर्यंत अमिषाजवळ बसून राहिली आणि मग तिच्यासोबत गाडीत बसून गेली. मुलगी झाली. आई वाचली, लेक वाचली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाणेवर बैठक बसली.

भागोजीनं मनात आणलं असतं तर ते प्रकरण तिथल्या तिथे मिटलं असतं. बाळंतपणाचा मामला होता, आणि जमलेल्यातल्या अर्ध्याअधिक लोकांना तो मिटावा असंच वाटत होतं. पण सदा हसत हसत म्हणाला, "जाऊ द्या तात्या. पोर तुमची हाय. आम्ही काय बोलणार? सोडून द्या." मागून कोणीतरी खाकरलं. कोणीतरी दबक्या आवाजात हसलं. ते हसू भागोजीच्या कानात शिरलं ते तिथेच बसलं.

प्रणाली नर्सच्या पांढऱ्या कोटातच आली होती. ती पायरीखाली उभी राहिली.

"ती मेली असती, बाबा," ती म्हणाली.

"मरायला नको होती. पण तू दुसऱ्या कोणाला तरी पाठवायचं होतंस."

"दुसरं कोण हाय हितं? सांग ना. खिडक्या लावून बसले होते त्यातलं कोणाला पाठवू?"

लोक भागोजीकडे बघत होते. ती पुढे म्हणाली, की हा नियम तूच केलास, तूच उठव. तिला पोलिसात जाता आलं असतं आणि ती जाणार नव्हती, कारण बापाला बेड्या पडलेल्या तिला बघायच्या नव्हत्या. हे ती सगळ्यांसमोर बोलली, आणि तिथेच सगळं फिसकटलं. एकांतात म्हणाली असती तर कदाचित वेगळं झालं असतं. पण भर सहाणेवर, सदाच्या देखत, लेकीनं दया दाखवून आपल्याला सोडून दिलं हे भागोजीला सोसलं नाही.

"नियम सगळ्यांना एकच," तो उभा राहून म्हणाला. आवाज तोच, नाटकातला, खर्जातला. "आजपासून प्रणाली वाळीत."

प्रणालीनं त्याच्याकडे पाहिलं. रडली नाही. वळली आणि उपकेंद्राच्या रस्त्याला लागली. बैठक उठली तेव्हा एकदोघांनी भागोजीला मानलं पाहिजे असं बोलून दाखवलं. त्याला ते खरंच वाटलं. घरी येताना त्याची पावलं नेहमीपेक्षा जड नव्हती, उलट मान ताठ होती.

घरी बायको मनुबाई चुलीपुढे बसली होती. बातमी तिला आधीच पोचली होती. तिनं त्याला पाणी दिलं, तो प्यायला, मग ती म्हणाली, "पोरीशी बोलायचं न्हाय, असं ठरलं?"

"व्हय."

"आणि जो बोलेल तो पण वाळीत."

"व्हय."

"मी बोलणार," मनुबाई म्हणाली. "रोज बोलणार. मंग तुमचा नियम हाय तसा पाळा. माझ्याशी बोलू नका."

तिनं त्याच्या हातातला रिकामा तांब्या घेतला आणि आत गेली. भागोजीला वाटलं, बाईचा राग आहे, दोन दिवसांत उतरेल. तो उतरला नाही. ताट वेळेवर वाढलं जायचं, धुतलेले कपडे दोरीवर असायचे. शब्द मात्र एकही नाही. त्यानंही विचारलं नाही. विचारलं असतं तर नियम मोडला असता, आणि बायकोनं आपल्याला आपल्याच शब्दात पकडलंय हे कबूल करावं लागलं असतं.

प्रणाली गावात फार दिवस राहिली नाही. पोरांना लस द्यायला कोणी आया उपकेंद्रात येईनात. रस्त्यात समोरून येणारी बाई पदर ओढून बाजूला व्हायची. एक दिवस तिच्या खोलीच्या दारात कोणीतरी शेण आणून टाकलं. ज्या बायकांची बाळंतपणं तिनं केली होती त्यांच्यापैकीच कोणाचं तरी ते काम असणार, कारण एवढ्या सकाळी त्या वाटेनं नदीवर पाण्याला जाणाऱ्या बायकांशिवाय दुसरं कोणी जात नाही. तिनं बदली मागून घेतली आणि माणगावच्या सरकारी दवाखान्यात गेली. जाताना आईला भेटली. बाप तेव्हा कामावर होता, एका बंगल्याचं कुंपण बांधत होता. रस्त्यावरून एसटी गेली ती त्यानं पाहिली. त्यात कोण बसलंय हे त्याला माहीत होतं. त्यानं ओळंबा सोडला, चिरा सरळ केला आणि थापी उचलली.

शिमग्यात पालखी घरोघर फिरते तशी त्याच्याही घरी आली. मनुबाईनं कोकमाचं सरबत केलं होतं. पालखी नाचवून पोरं दमलेली होती, पण पेल्यांना कोणी हात लावला नाही. पोरांना घाई असेल, असं भागोजी स्वतःला म्हणाला. कामावर बोलावणारे कमी झाले होते. बाहेरगावचे गवंडी स्वस्तात येतात, असं त्याचं त्यानंच ठरवून टाकलं. वाटेत लोक त्याला बघून रस्ता बदलत. त्याला तो धाक वाटायचा.

तालमीत मात्र लोक त्याच्याशी बोलत. प्रधान येऊन म्हणे, महाराज, धान्य संपत आलं. शिपाई येऊन म्हणे, महाराज, खाडीत गलबत शिरलं. तालीम संपली की प्रधान चपला घालून निघून जाई आणि शिपाई विडी शिलगावून पाठ फिरवी. भागोजी एकदा प्रधानाला म्हणाला, की तुझं ते वाक्य जरा सावकाश घे. प्रधानानं मान हलवली आणि पुढच्या वेळी सावकाश घेतलं. तोंडातून हो की नाही निघालं नाही. स्वराज काय तो बोलायचा, पण तो मुंबईचा, त्याला गावकीशी देणंघेणं नव्हतं. शेवटाबद्दलचा हट्ट त्यानंही सोडला होता. राजा नुसता बुरुजावर उभा राहील, एक शब्दही बोलणार नाही, आणि पडदा पडेल, असं दोघांत ठरलं.

जत्रेच्या दिवशी मुंबईहून चाकरमान्यांच्या गाड्या आल्या. देवळासमोर मंडप, लायटिंग, खेळण्यांची दुकानं, भजीच्या कढया. दिवे लागायच्या सुमारास भागोजी तोंडाला रंग लावून, जरीचा अंगरखा घालून विंगेत उभा होता. नाटकाआधी सत्काराचा कार्यक्रम होता. माइकवर सदा होता. देवळाला नवीन छप्पर देणाऱ्या आणि गावातल्या पोरांना रिसॉर्टवर काम मिळवून देणाऱ्या माणसाचा सत्कार करायचा आहे, असं त्यानं सांगितलं आणि नाव घेतलं. चंदर.

टाळ्या पडल्या. चंदर नवा सदरा घालून पुढच्या रांगेतून उठला. त्याच्या मागच्या खुर्चीवर सुजित आणि अमिषा होते, अमिषाच्या मांडीवर तान्ही मुलगी होती आणि डाव्याउजव्या बाजूच्या बायका त्या मुलीचं जावळ कुरवाळत होत्या.

सदानं शाल-नारळ घेऊन विंगेकडे पाहिलं. अध्यक्षांच्या हस्ते सत्कार व्हायचा होता. भागोजी जागचा हलला नाही. सदा आत आला.

"चला तात्या. लोकं थांबलीत."

"हे कधी ठरलं?" भागोजीनं विचारलं.

"शिमगा झाल्यावर. रिसॉर्टवाल्यानं झऱ्याचं पाणी पाइपानं गावात सोडायचं कबूल केलं. मंग चंदरवरची बंदी उठवली."

"मला कोणी सांगितलं न्हाय."

सदानं त्याच्या रंगवलेल्या तोंडाकडे पाहिलं. मग अगदी सरळ आवाजात म्हणाला, "कसं सांगणार? प्रणालीशी मनुवहिनी बोलतात. त्यांच्या हातचं तुम्ही जेवता, त्यांच्या घरात राहता. तेव्हा तुमच्याशी कोण बोलणार? नंतर तुम्ही पण कोणाला विचारलं न्हाय. नियम तुमचाच, तात्या. आम्ही पाळला."

भागोजीला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. मग एकेक गोष्ट त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. सरबताचे भरलेले पेले. बदललेले रस्ते. पाठ फिरवणारा शिपाई. तो धाक नव्हता. इतके दिवस तो ज्या गावाचा राजा म्हणून फिरत होता, त्या गावानं त्याला कधीच बाहेर काढलं होतं, आणि हे त्याला सांगण्याइतकाही कोणी त्याच्याशी बोलला नव्हता.

"आणि प्रणालीचं?" त्यानं विचारलं.

"तिचं पण उठलं की. चंदरचं उठलं म्हंजे सगळ्यांचंच उठलं. तुमचं पण." सदानं नारळ पुढे केला. "आता जुनं काढू नका. घ्या."

तिची बंदी शिमग्यानंतरच उठली होती. आणि तरीही तो रोज संध्याकाळी बायकोसमोर बसून मुकाट जेवत आला होता. गावात नसलेला नियम फक्त त्याच्या एकट्याच्या घरात चालू होता.

भागोजीनं नारळ घेतला नाही. सदानं खांदे उडवले आणि सत्कार स्वतःच उरकून घेतला.

नाटक झालं. भागोजी सगळी वाक्यं बरोबर बोलला, एकही चुकला नाही. शेवटी बुरुजावर उभा राहिला तेव्हा विंगेतून स्वराजला दिसलं, की त्याचे ओठ उघडले आहेत. स्वराजनं पडदेवाल्याला हातानं थांबवलं. मंडपात भज्यांचा वास होता, पोरं पिपाण्या वाजवत होती, पुढच्या रांगेत चंदर मांडीवरच्या शालीची घडी घालत होता. भागोजीनं ओठ मिटून घेतले. बराच वेळ काहीच घडेना तेव्हा मागून कोणीतरी ओरडलं, "विसरला रे म्हातारा." लोक हसले. पडदा पडला.

तो तोंडाचा रंग न पुसता घरी आला. मनुबाई जत्रेला गेलीच नव्हती. ओट्यावर बसून तांदूळ निवडत होती.

"बंदी उठली," तो म्हणाला.

"मला ठाव हाय," मनुबाई सुपातली नजर न काढता म्हणाली.

"कधीपासून?"

"पालखी देवळात परतली तेव्हापासून."

"मंग बोलली न्हाईस ती?"

"तुम्ही कुठं बोललात?"

तिनं खडा वेचून अंगणात टाकला, सूप बाजूला सारलं आणि घंगाळात गरम पाणी काढून दिलं. तोंड धुताना पाण्यात लाल रंग उतरला. तो म्हणाला, की उद्या माणगावला जातो. सकाळी त्याचा इस्त्रीचा सदरा खुंटीवर होता.

माणगावला तो उतरला तेव्हा दवाखान्यात बाहेरच्या रुग्णांची गर्दी होती. प्रणाली कुठे असते हे त्यानं शिपायाला विचारलं. त्यानं व्हरांड्यातल्या टेबलाकडे बोट दाखवलं. डॉक्टरांकडे जाण्याआधी तिथे प्रत्येकाचा रक्तदाब बघत होते. टेबलामागे प्रणाली बसली होती. वाळली होती. केस आखूड केले होते. भागोजी सरळ तिच्याकडे जाऊ शकला असता. तो रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिला. पुढे एक कातकरी म्हातारी होती, तिच्यापुढे एक ट्रक ड्रायव्हर, त्याच्यापुढे आणखी बरेच. काय बोलायचं ते तो मनाशी जुळवत होता. रांग सरकायची आणि जुळवलेलं सुटून जायचं.

त्याची पाळी आली. तो स्टुलावर बसला. प्रणालीनं मान वर केली. तिचा हात क्षणभर टेबलावर तसाच राहिला, मग तिनं कागद ओढला.

"नाव?"

"प्रणाली," तो म्हणाला.

"तुमचं नाव सांगा."

जन्मल्यापासून ती बापाला तू म्हणत आली होती.

"भागोजी," तो म्हणाला. वडिलांचं नाव, आडनाव, गाव, सगळं सांगितलं. तिनं लिहून घेतलं. वय विचारलं. ते तिला माहीत होतं, तरी विचारलं.

"काय त्रास होतो?"

त्यानं तोंड उघडलं. मागे बाळ रडत होतं, कोणीतरी रांग सरकत नाही म्हणून कुरकुरत होतं.

"त्रास काय न्हाय," तो म्हणाला. "तपासायला आलो."

"बाही वर करा."

त्यानं इस्त्रीच्या सदऱ्याची बाही वर सारली. चिरे उचलून टणक झालेला दंड होता. प्रणालीनं त्याच्याभोवती पट्टा गुंडाळला, कोपराच्या खोबणीत दोन बोटं ठेवून नाडी शोधली. तिची बोटं थंड होती. तिनं पंप दाबायला सुरुवात केली. पट्टा आवळत गेला, आणि भागोजी तिच्या खाली घातलेल्या डोळ्यांकडे बघत राहिला. काटा वर चढला, मग हळूहळू उतरला. तिनं पुन्हा एकदा मोजलं.

"जास्त आहे," ती म्हणाली. "गोळी चालू आहे का?"

"न्हाय."

"डॉक्टर देतील ती रोज घ्यायची. मीठ कमी करा. सोबत कोण आहे?"

"कोणी न्हाय."

तिनं कागदावर आकडे लिहिले. पट्टा सोडला. दंडावर त्याचा वळ उमटला होता. तिनं तो पाहिला आणि कागद त्याच्या हातात दिला. त्याचा हात कागदावर होता, तिचाही होता. मग तिचा हात गेला.

भागोजीनं बाही खाली केली, मनगटाचं बटण लावलं आणि मागचा माणूस उभा होता म्हणून स्टुलावरून उठला.

"पुढचे," प्रणाली म्हणाली.